शमसुभाई आडवे झाले

रुकय्याचं पहिलं स्थळ खोबरेल तेलाच्या दोन थेंबांमुळे मोडलं. मुलाचे मामा पनवेलहून आले होते. माणूस सज्जन, बोलणं मऊ. चहा यायच्या आधी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढे केलं आणि सहज म्हणाले, "तुम्ही घड्याळजी आहात म्हणून दाखवतो. दिवसाला वीस मिनिटं मागे पडतंय." रुकय्याच्या वडिलांनी, शमसुद्दीन बुबेऱ्यांनी, मागचं झाकण उघडलं. आतली सगळी चाकं तेलात न्हालेली.

"हे कुणी केलं?"

"मीच. जरा सुकं वाटलं, म्हणून दोन थेंब सोडले. घरचंच तेल आहे, शुद्ध."

त्यानंतर शमसुभाई जे बोलले ते आगाशीच्या अर्ध्या बाजारपेठेला ऐकू गेलं. मामा चहा न घेता उठले आणि विरारच्या एस.टी.त जाऊन बसले. घड्याळ मागेच राहिलं. शमसुभाईंनी ते साफ करून, चालू करून पोस्टाने पाठवलं, पण स्थळ काही परत आलं नाही.

हाजराबी तीन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी मौलवीसाहेबांना जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर पडद्याआडून बोलायला सुरुवात केली. "नमाज चुकत नाही ह्यांची, रोजा सुटत नाही. कुणाला फसवत नाहीत, खोटं बोलत नाहीत. पण तोंड उघडलं की सगळ्याचं वाटोळं. पोरीला तेविसावं लागलंय. आता तुमीच काय ते सांगा."

मौलवीसाहेबांनी हात पुसले. "शमसुद्दीन, नमाज अल्लाची. तिचा उपयोग शेजाऱ्याला कळला पाहिजे. आपल्या नबींनी सोपं करून सांगितलंय. राग आला आणि उभे असाल तर बसा. बसूनही गेला नाही तर आडवे व्हा. आणि तोपर्यंत गप्प राहा."

"दुकानातसुद्धा?" शमसुभाईंनी विचारलं.

"राग कुठे येतो तुम्हाला?"

"दुकानातच."

"मग झालं. आणि एक लक्षात ठेवा. मी राग गिळतो, मी राग गिळतो, असं लोकांना सांगत फिरायचं नाही. ते मिरवणं झालं. चांगलं काम गुपचूप करावं."

शमसुभाईंनी शब्द दिला. दिलेला शब्द ते पाळत. घड्याळ गुरुवारी देतो म्हणाले की ते गुरुवारीच मिळे, आणि नाही घेऊन गेलात तर शुक्रवारी बोलणी खावी लागत.

अडचण अशी झाली, की घड्याळजीचा धंदाच बसून करायचा. डोळ्याला भिंग लावून शमसुभाई सकाळी नऊपासून बसलेलेच असत, त्यामुळे बसण्याचा उपाय राग यायच्या आधीच संपलेला. उरलं आडवं होणं. दुकान चार फूट रुंद आणि पाच फूट खोल, शमसुभाई पावणेसहा फूट. एकदा दुपारी त्यांनी स्टूल बाजूला सारून पडून पाहिलं, तर पाय घोट्यापासून पुढे रस्त्यावर आले. पण उपाय खरा होता. पंख्याकडे पाहत पाच मिनिटं पडल्यावर छातीतली धग उतरली, आणि ज्या गिऱ्हाईकाने "मुंबईत हेच निम्म्या वेळात करून देतात" असं म्हटलं होतं, त्याला शमसुभाईंनी चक्क नमस्कार करून घालवलं. हाजराबींनी त्या रात्री खीर केली.

नवव्या दिवशी भुईगावचा रुडॉल्फ आला. रुडॉल्फची केळीची वाडी होती आणि स्वतःच्या हाताने सगळं दुरुस्त करायची हौस होती. त्याने भिंतीवरचं मोठं घड्याळ गोणपाटात गुंडाळून आणलं होतं. ते त्याने टेबलावर ठेवलं आणि खिशातून कागदाची पुडी काढून शेजारी ठेवली.

"ह्यात काय आहे?" शमसुभाईंनी विचारलं.

"आतलंच हाय. जोडून झाल्यावर उरलं."

पुडीत तीन स्क्रू, एक चाक आणि स्प्रिंगचा तुकडा होता.

"उघडलंस कशाने?"

"मच्छी कापायची सुरी. पन शमसुभाई, चालतंय हां. बंद नाय पडला. फक्त उलटा चालतो."

शमसुभाईंनी घड्याळाला कान लावला. ते खरोखरच चालत होतं, आणि काटे साडेदहावरून सव्वादहाकडे निघाले होते. हे रुडॉल्फच्या आजोबांच्या वेळचं घड्याळ, शमसुभाईंच्या वडिलांनी चाळीस वर्षं सांभाळलेलं. त्यांच्या कानशिलाची शीर ताठ झाली. ओठ उघडले आणि मिटले. मग त्यांनी भिंग काढून ठेवलं, स्टूल सारलं आणि मुकाट्याने जमिनीवर आडवे झाले.

रुडॉल्फने टेबलावरून वाकून पाहिलं. "शमसुभाई?"

शमसुभाईंनी पंख्याकडे नजर लावली.

समोर भाजी विकणाऱ्या बेटी नावाच्या बाईला आधी चपला घातलेले दोन पाय दिसले. ती टोपलीसकट धावली. "अरे देवा, पडला की ह्यो. तू काय केलास रे त्याला?"

"मी काय नाय केला. घड्याळ दिला."

"फिट आलीय. माझ्या दिराला येते तशीच. डोळे बघ कसे केलेत." डोळे रागाने तसे झाले होते, पण हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. बेटीने टोपलीतला कांदा फोडून शमसुभाईंच्या नाकाला लावला. राग थोडा उतरत आला होता, तो कांद्यासरशी पुन्हा वर चढला, म्हणून शमसुभाई पडूनच राहिले. कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या मुठीत कोंबला. दुसऱ्याने कातडी चप्पल नाकाशी धरली, आणि ती शमसुभाईंचीच होती, पायातून काढलेली. प्रत्येक उपायाला राग वाढत होता, आणि राग वाढला की उठायची सोय राहत नव्हती.

दवाखान्यातून डॉक्टर ज्युलियस आले. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि भुवया वर केल्या. "दोनशेला टेकलंय. ह्यांना उठू देऊ नका."

तेव्हा शमसुभाई पहिल्यांदा बोलले. "डॉक्टर, मला काहीही झालेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हातगाडी मागवली.

गाडी केळ्यांची होती. घडांच्या मध्ये निजवून शमसुभाईंना बाजारातून, देवळावरून, एस.टी. स्टँडवरून घरी नेण्यात आलं. रुडॉल्फ पुढून वाट करत होता, बेटी शेजारून चालत पदराने वारा घालत होती, आणि भेटेल त्याला दोघंही सांगत होती. स्टँडवर त्या वेळी अर्नाळ्याची, विरारची आणि वसईची अशा तीन गाड्या उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत ही बातमी तिन्ही दिशांना पोचली.

सोपाऱ्याला ती शुक्रवारी पोचली. तिथले दस्तगीर खोत आणि कुलसुमबी येत्या रविवारी रुकय्याला बघायला येणार होते. मुलगा मुनाफ ओव्हरसिअर, रुकय्या शाळेत शिक्षिका. दोघांनी एका लग्नात एकमेकांना पाहिलं होतं आणि दोघांचीही ना नव्हती, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं पण बोललं जात नव्हतं. खोतांचा निरोप आला, "मुलीच्या वडिलांना फिट येतात असं ऐकतो. घराण्यात असेल तर आधी सांगावं. तरी येतो, समक्ष बघतो."

हाजराबी निरोपाची चिठ्ठी घेऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "फिट नाही म्हणून सांगा त्यांना."

"सांगतो. मग विचारतील, भरबाजारात कशाला पडलात. काय सांगू?"

"सांगा, राग आलेला."

"रागावरूनच पहिलं स्थळ मोडलं ना?"

हाजराबींनी विचार केला. "मग सांगा अशक्तपणा होता. उपाशी होतात."

"खोटं बोलू?"

"एवढंसं."

"हाजरा, मौलवींना जेवायला तू बोलावलंस. आता मी रागवायचं नाही, खोटं बोलायचं नाही, आणि खरं सांगितलं तर ते मिरवणं होतं. मग मी करू तरी काय?"

"मला काय विचारताव," हाजराबी म्हणाल्या. "तुमी आडवे व्हा." आणि त्या आत निघून गेल्या.

रविवारी खोत मंडळी अकराच्या गाडीने आली. दस्तगीर खोत जाडजूड, भरघोस मिशांचे, बोलायला बेताचे. कुलसुमबी बारीक, पण नजर सगळीकडे फिरणारी. त्यांनी बसल्या बसल्या शमसुभाईंच्या तोंडाकडे, हातांकडे, पायांकडे नीट पाहून घेतलं. शमसुभाईंनी पाहुण्यांना सरबत दिलं, थोडं ट्रेवर सांडलं, आणि कुलसुमबींनी ते टिपलं.

"तब्येत कशी आहे आता?"

"चांगली आहे. चांगलीच होती."

इथपर्यंत निभावलं असतं. पण दारात रुडॉल्फ उभा राहिला, काखेत वाडीतली केळी सुकवून केलेल्या सुकेळ्यांचं पुडकं. झाल्या प्रकाराने तो चार रात्री झोपला नव्हता. पाहुणे येणार हे बेटीकडून कळल्यावर, आपण जाऊन शमसुभाईंची बाजू मांडायची असं त्याने ठरवलं होतं. त्याने सुकेळी खोतांच्या हातात दिली आणि विचारलं नसताना बोलायला लागला.

"पाव्हणे, मनात काय आनू नका. माणूस देव हाय. मी एवढा मोठा घड्याळ बिघडवला, पन एक शब्द बोलला नाय. नुसता पडला. आनि तोंडाला फेस म्हनता तसा काय मोठा नव्हता."

"फेस होता?" कुलसुमबींनी विचारलं.

"फेस नव्हता," शमसुभाई म्हणाले.

"थोडासा," रुडॉल्फने समजुतीने सांगितलं. "तो कांद्याचा पानी पन असेल. पन आता वरचेवर येत नाय ना, शमसुभाई? त्याच्याआधी पन एकदा दुपारचे पाय बाहेर होते, बेटी सांगत होती."

शमसुभाई उभे होते. ते खाली बसले. रुडॉल्फने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना हळूच सांगितलं, "बघा, दमतात लगेच." शमसुभाईंनी एकदा हाजराबींकडे पाहिलं. पडद्याआडून हाजराबी मानेने नको नको म्हणत होत्या. पण आत सगळं उकळून वर आलं होतं. तोंड उघडलं असतं तर रुडॉल्फबरोबर पाहुणेही गेले असते. शमसुभाईंनी सरबताचा ट्रे बाजूला सरकवला आणि चटईवर आडवे झाले.

रुडॉल्फ कांद्यासाठी स्वयंपाकघराकडे वळला. खोत अर्धवट उठले. कुलसुमबींनी कमरेच्या किल्ल्या काढायला हात घातला.

तेवढ्यात पडदा सारून रुकय्या बाहेर आली. हातात चहा नव्हता, डोक्यावर पदर होता, आणि आवाज वर्गात असतो तसा. "काका, कांदा राहू द्या. किल्ल्याही नकोत. अब्बांना फिट येत नाही. त्यांना राग आलाय."

कुलसुमबींचा हात किल्ल्यांवरच राहिला.

"रागीट आहेत ते, आधीपासून. मौलवीसाहेबांनी सांगितल्यापासून राग आला की पडून राहतात, म्हणजे कुणाला वेडंवाकडं बोललं जाऊ नये. पंधरा दिवस झाले, एकाही माणसाला लागेलसं बोललेले नाहीत. तुम्हाला रागीट घर नको असेल तर तसं सांगा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही. पण आजारी म्हणून परत जाऊ नका."

"राग कुणावर आलाय?" कुलसुमबींनी विचारलं.

रुकय्याने वडिलांकडे पाहिलं. शमसुभाईंनी पडल्या पडल्या डोळे मिटले.

"रुडॉल्फकाकांवर," ती म्हणाली. मग खरं बोलायचंच तर पुरतं बोलावं म्हणून तिने पुढे जोडलं, "आणि थोडा तुमच्यावर."

हाजराबींनी पडद्याआड भिंतीला टेकून अल्लाचं नाव घेतलं. कुलसुमबींनी चटईवरच्या माणसाकडे नीट पाहिलं. पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय गेला आणि त्या जागी हेवा आला.

"पंधरा दिवसांत जमलं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे वय झाल्यावरही जमतं?"

"जमतंय," शमसुभाई छताकडे बघत म्हणाले.

"ऐकलंत?" कुलसुमबी नवऱ्याकडे वळल्या. "गेल्या आठवड्यात ह्यांनी मच्छरदाणी फाडली. डासावर रागावून. उभी फाडली, वरपासून खालपर्यंत."

"डास आत होता," खोत म्हणाले.

"फाडल्यावर शंभर आत आले. आणि त्याच्या आदल्या महिन्यात स्टोव्ह अंगणात फेकला. पेटत नाही म्हणून."

"हे इथे सांगायची काही गरज आहे का?" खोतांच्या मिशा थरथरायला लागल्या. आवाज चढला तसे ते उठून उभे राहिले. "लोकांच्या घरात, पाहुणे म्हणून आलोय आपण, आणि तू—"

"बसा," कुलसुमबी शांतपणे म्हणाल्या.

खोत बसले. पण मान लाल होत गेली, आणि हातातल्या सुकेळ्यांच्या पुडक्याचा चेंदा होऊ लागला. कुलसुमबींनी ते काढून घेतलं आणि चटईवर शमसुभाईंच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. दस्तगीर खोतांनी खोलीत सगळ्यांकडे एकदा पाहिलं. सुटकेची वाट दिसेना. ते गुडघ्यावर टेकले, मग कोपरावर, आणि अखेर शमसुभाईंच्या शेजारी उताणे झाले.

"चला, हाजराबी, आपण आत बसू," कुलसुमबी म्हणाल्या. "मुलगी खरं बोलते. मला घरात एक तरी असं माणूस हवंय." रुडॉल्फलाही त्यांनी आत नेलं, कारण त्याला बाहेर ठेवणं कुणाच्याच हिताचं नव्हतं.

दोघे बाप छताकडे बघत पडून होते. आतून कपबशांचा आवाज येत होता, हसण्याचा येत होता, मधूनच रुडॉल्फ काहीतरी सांगत होता.

"तुमचा उतरला का?" खोतांनी हळू आवाजात विचारलं.

"उतरत आला होता. रुडॉल्फ हसला की परत येतो. तुमचा?"

"माझा आत्ता कुठे उतरायला लागलाय."

आतून कुलसुमबींचा आवाज आला, "मग ईदनंतरचा दुसरा रविवार ठरला. मंडप आमच्याकडे."

खोतांनी मान वळवली. "तारीख ठरवली त्यांनी."

"ऐकलं."

"मला विचारलं नाही. तुम्हाला विचारलं?"

"नाही," शमसुभाई म्हणाले.

दोघांनीही उठायला म्हणून हात जमिनीला टेकले, थोडा विचार केला, आणि पुन्हा आडवे झाले.