सोनवणे गुरुजींचं इंग्रजी

इंग्रजी शब्द सबंध दिसला की सोनवणे गुरुजींना चैन पडत नसे. फणस फोडावा तसा ते तो फोडत आणि गरे समोरच्याला वाटत.

कोळवणच्या बाजारात एकदा एक जण प्लॅस्टिकचे पेले विकत होता. "अनब्रेकेबल! अनब्रेकेबल!" गुरुजी थांबले.

"मधला ब्रेक म्हंजे फुटनं. मागचा एबल म्हंजे जमनं. म्होरं 'अन' बसला की समदं उलटं. म्हंजे ह्यो पेला फुटूच शकत न्हाई. बराबर?"

"व्हय की, गुरुजी."

"मग पुरावा?" असं म्हणून त्यांनी पेला पाराच्या दगडावर आपटला. उभा तडा गेला. "शब्द लई चांगला हाय," ते म्हणाले, "पेला तेवढा न्हाई." तडकलेला पेला मात्र त्यांनीच विकत घेतला आणि शाळेत नेऊन त्यात खडू ठेवले.

मुलांनो, तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. तुमच्या आजोबांची बदली मुळशी तालुक्यात झाली होती आणि मी कोळवणच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. गुरुजी प्राथमिक शाळेत होते. त्यांनी इंग्रजी एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकावरून एकट्यानं शिकून घेतलं होतं. त्या पुस्तकाच्या शेवटी वाद कसा करावा यावर एक धडा होता. तो धडा त्यांना बाधला. कुणीही काही बोललं की त्यांची तीन बोटं वर होत: विधान, कारण, पुरावा.

पावसाळ्यात एसटीचा कंडक्टर म्हणाला, "गाडी म्होरं जानार न्हाई."

"ह्ये झालं विधान. कारण?"

"पूल पान्याखाली हाय."

"पुरावा?"

"उतरा आन् बगा की, गुरुजी!"

गुरुजी खरोखर उतरले. गुडघ्यापर्यंत भिजून परत आले आणि म्हणाले, "मान्य." सगळी गाडी हसली, कंडक्टरसुद्धा. त्यांच्या पत्नी ताराबाई मात्र हसत नसत. "आमटीत मीठ न्हाई म्हनून मलाच पुरावा मागत्यात, बाई," त्या मला म्हणाल्या होत्या. "जीभ कुनाची, आन् पुरावा कुनी द्यायचा?"

इंग्रजीत काहीही लिहिलं की गुरुजी ते माझ्याकडे तपासायला आणत. मी लाल पेन्सिलीनं खुणा करायची, ते घरी जाऊन स्वच्छ प्रत काढायचे. माझ्या खुणांचा त्यांना राग येत नसे. खुणा कमी झाल्या तर उलट संशय येई. "नीट बगितलं न्हवं, बाई?"

त्यांचा मुलगा विलास कॉलेज सोडून कारखान्यात लागतो म्हणाला, तेव्हाही ती तीन बोटं वर झाली. बापलेकांचा वाद दोन दिवस चालला. गुरुजींनी तो जिंकला. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं विलास निघून गेला. तो गुजरातेत रंगाच्या कारखान्यात आहे, एवढं कळलं. पुढे गावातल्या कुणीतरी त्याचा पत्ता आणून दिला.

त्याच आठवड्यात एका दुपारी गुरुजी एक कागद घेऊन आले. मुलाला पत्र, आणि तेही इंग्रजीत!

"मराठीत का नाही लिहीत?" मी विचारलं.

"मराठीत लिवाया बसलं की भांडान हुतंय, बाई. इंग्रजीत माझ्याजवळ शिव्याच न्हाईत."

पत्र चारच ओळींचं होतं. आई बरी आहे. भाताची लावणी झाली. तुझी सायकल मी पुसून ठेवतो. घरी ये. मी नेहमीच्या शिस्तीनं सगळं दुरुस्त केलं. शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'विधान. कारण?' त्यांचंच शस्त्र त्यांच्यावर उलटवलं म्हणून मला हसू आलं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी कागद जवळ धरून वाचला. "बराबर हाय," म्हणाले, आणि गेले.

मी ते विसरले. वर्षभरानं सहज विचारलं, "विलासचं उत्तर आलं का?"

"धाडलंच न्हाई अजून. कारण घावंना." ते अगदी साधेपणानं सांगू लागले. "आई आजारी लिवावं, तर ती धडधाकट हाय. हितं नोकरी हाय म्हनावं, तर ती न्हाई. खोटं कसं लिवायचं?" मग चपलेकडे बघत म्हणाले, "आठवन येती, ह्ये चालंल का हो, बाई?"

"आजच्या आज टाका," मी म्हटलं. "मला दाखवूसुद्धा नका."

त्यांनी टाकलं. तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. वर शेरा होता, इसम या पत्त्यावर राहत नाही. पत्ता आणणाऱ्यानं चौकशी केली, तर विलासनं चार महिन्यांपूर्वीच खोली सोडली होती आणि तो कुठे गेला ते तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. आदल्या वर्षी, पत्ता आला त्याच आठवड्यात ते पत्र गेलं असतं, तर त्याच्या हाती पडलं असतं. थट्टेत लिहिलेल्या माझ्या दोन शब्दांनी ते अडवलं. हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही.

गुरुजींनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. माझ्यासमोरच त्यांनी पाकीट उघडलं आणि कागद पुढे केला. "ह्या बारीला तुमी तपासलं न्हवतं. चुका किती हायेत बगा."

मी सबंध वाचलं. पेन्सिल टेबलावरच राहू दिली.

"एकही नाही, गुरुजी."

दोन होत्या.

त्यांनी कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि दोनदा वरून दाबून पाहिली. "त्याच्या आईला सांगतो," ते म्हणाले. "रोज इचारती. म्हनावं, आपल्याकडनं बिनचूक गेलं हुतं."