तिसऱ्या फलाटाची कॅसेट

रविवारी दुपारी सूप ओरपून झाल्यावर मी ठरवलं, आज एक गाणं ऐकायचं. बस, एवढंच. सहासष्टाव्या वर्षी माणसानं एक गाणं ऐकायचं ठरवलं, तर त्यातून शेजाऱ्याच्या मिरच्यांचा लगदा व्हायचं काही कारण नाही. माझ्या बाबतीत झाला.

गाणं साधंसुधं नव्हे. एक्याऐंशी साली आमच्या व्हर्शात्समध्ये ‘ओल्या काड्या’ नावाचा बँड होता. चार पोरं, तीन सूर. अख्खं गाव त्यांना शिव्या घालायचं, त्यावरूनच मी ओळखलं की पोरं चांगली आहेत. त्यांचं ‘तिसरा फलाट’ हे गाणं आमच्या गावच्या रेडिओवर एकदाच लागलं. ‘तिसऱ्या फलाटावर मी उभा, गाडी लागली पहिल्याला.’ मी आठवीत दोनदा नापास झालेला, लेथवर लोखंड सोलणारा माणूस. कवितेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण ते ऐकून वाटलं, ह्या गड्यानं मला कुठंतरी बघितलंय.

पुढं त्यांचा गिटारवाला जर्मनीत फरश्या बसवायला गेला आणि बँड मोडला. तबकडी निघालीच नाही. म्हणजे जगात त्या गाण्याची एकच प्रत, माझ्या कॅसेटवर. रेडिओपुढं टेपरेकॉर्डर धरून, श्वास कोंडून मी ते भरलेलं. आणि गाण्याच्या मधोमध, ड्रमवाला जरा दम खातो तिथं, मागच्या खोलीतून माझी आई ओरडते, “झार्को, गाढवा, खिडकी लाव! वारा आरपार जातोय!” (आमच्याकडे माणूस लढाईतून जिवंत परततो, पण समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांमध्ये बसला तर संपला, असं आईचं ठाम मत. ती गेली तेव्हा घरातल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, पण हे तिला सांगणार कोण?) आईचा आवाज जगात दुसरीकडं कुठंच नाही. फोटो आहेत, पण फोटो गाढवा म्हणत नाहीत.

तर मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं बुटांचं खोकं काढलं. उघडलं. कॅसेट नाही.

अंगणात माझी बायको रुझित्सा हिवाळ्याच्या आयवारसाठी, म्हणजे बरणीत भरायच्या चटणीसाठी, लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होती.

“रुझित्सा, माझी कॅसेट कुठाय?”

“कुठली?”

“लगेच ‘कुठली’ म्हणालीस! विचार न करता!”

“मग काय, उद्या म्हणू?”

“गाण्याची. आईची.”

“मी नाही हात लावला. तूच कुठंतरी ठेवली असशील, आठव जरा.”

मी काही विसरत नाही. ज्या फोरमननं अठ्ठ्याऐंशी साली माझी सुट्टी कापली, त्याच्या कुत्र्याचं नावसुद्धा मला पाठ आहे. म्हणजे कॅसेट कुणीतरी नेली. घरात माणसं दोन. मी नाही. उरलं कोण?

मंगळवारी रुझित्सा माझ्याकडून किल्ली घेऊन खिळे शोधायला माझ्या अवजारांच्या खोपटात गेली. बाहेर आली ती हात ॲप्रनखाली लपवून. माझ्याकडं बघितलं आणि हसली. (बेचाळीस वर्षांच्या संसारात ती विनाकारण हसल्याचं माझ्या माहितीत नाही.) आणि बुधवारी सकाळी स्वयंपाकघरातून मला गुणगुणणं ऐकू आलं. ‘तिसरा फलाट’! मी दारात उभा राहिलो, तशी गप्प.

“काय गात होतीस?”

“कुठं काय.”

“ओळखीचं वाटलं.”

“तुझं वय झालंय. तुला सगळंच ओळखीचं वाटतं.”

दुपारी तिच्या ॲप्रनच्या खिशातून पेन्सिल डोकावताना दिसली. सहा कोनांची, टोक केलेली. आमच्या घरात गेली दहा वर्षं कुणी काही लिहिलेलं नाही. जिला लिहायचं काम नाही तिच्या खिशात पेन्सिल कशाला? चिठ्ठ्या लिहायला! आणि चिठ्ठ्या कुणाला, तेही मला कळलं, कारण संध्याकाळी ती चीज भरलेली पिटा झाकून कुंपणापलीकडं निघाली. मोम्चिलोकडं.

मोम्चिलो म्हणजे आमचा शेजारी. रेडिओ दुरुस्त करणारा, विधुर, अजूनही डोक्यावर पुरते केस. पण मुख्य गोष्ट पुढंच आहे. हा मोम्चिलो ‘ओल्या काड्यां’चा ड्रमवाला! एक्याऐंशी साली रुझित्सा त्याच्या ड्रमसमोर नाचायची. मीही तिथंच असायचो. तिचा कोट धरून.

“एकटाच असतो बिचारा,” ती म्हणाली, “त्याला देऊन येते.”

“एकटा असतो, हीच तर अडचण आहे!”

“मग तू चल.”

“माझे पाय दुखतात,” मी म्हणालो. (हा माझा बाणेदारपणा.)

ती परत आली तेव्हा अंगाला स्पिरिटचा वास येत होता आणि स्वेटरला एक तपकिरी, चमकदार धागा चिकटला होता. मी तो हळूच काढून घेतला. बाईचा केस इतका चमकत नाही. मोम्चिलोचा तर नाहीच. मग हे काय? मी तो काडेपेटीत घालून ठेवला, पुरावा म्हणून.

गुरुवारी कहर झाला. घरामागं माझ्या द्राक्षांच्या चार ओळी आहेत. पीक गोड व्हायला लागलं की भोरड्यांचे थवे उतरतात, म्हणून आमच्याकडं सगळे जुन्या कॅसेटी फोडून त्यांची फीत वेलींवरून ताणतात. ती वाऱ्यावर चमकते, घूं घूं करते, पाखरं बिचकतात. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या ओळीवर भोरड्या उतरल्या, तेव्हा मी तिरीमिरीत घरात घुसून कपाटातून आमच्या नेवेनाच्या, म्हणजे पोरीच्या, शाळेतल्या वेळच्या कॅसेटी उचलून आणल्या होत्या. ती व्हिएन्नाला असते, तिला त्या नकोच होत्या. (वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. फीत ताणायला चष्मा लावायला मी काय प्रोफेसर आहे?) तेव्हापासून दुसऱ्या ओळीकडं एक भोरडी फिरकली नव्हती.

आणि गुरुवारी बघतो तर दुसऱ्या ओळीवरची फीत गायब! वेलीवर भोरड्यांची पंगत!

“मोम्चिलो!” मी कुंपणावरून ओरडलो. “माझी फीत कुणी काढली?”

“वारा असेल रे,” तो म्हणाला. पण माझ्याकडं न बघता. तो बुटांकडं बघत होता. त्याच्या बुटांत बघण्यासारखं काहीही नाही, मला माहीत आहे.

म्हणजे बायको आणि फीत, दोन्ही! आधी माझं गाणं नेलं, मग बायको, आता द्राक्षं. उद्या हा माझी पेन्शन आणायला जाईल.

शुक्रवारी रुझित्सा पुन्हा पिटा घेऊन गेली. मी दहापर्यंत आकडे मोजले आणि मागून गेलो. मोम्चिलोच्या खिडकीखाली मिरच्यांनी भरलेला लाकडी खोका होता. त्यावर चढलो. खिडकी अर्धी उघडी होती. आतून आवाज आले.

“हळू ओढ ना, तुटेल.”

“बेचाळीस वर्षं टिकलंय, आता काय तुटतंय?”

“आणि झार्कोला कळलं तर?”

“कळायचंच आहे. पण आधी आपलं जमतंय का ते तर बघू. नाही जमलं तर त्याला कशाला सांगायचं?”

“मोम्चिलो, मला भीती वाटते रे.”

“मलासुद्धा. मी चाळीस वर्षांत असलं काही केलेलं नाही.”

आता तुम्हीच सांगा, नवऱ्यानं काय करावं? मी “लाज वाटत नाही!” असं ओरडायला तोंड उघडलं. ‘लाज’पर्यंत पोचलो आणि पायाखालचा खोका बसला. मी उरलेलं वाक्य मिरच्यांमध्ये पूर्ण केलं.

दोघं धावत बाहेर आले. रुझित्साच्या हातात पेन्सिल. पेन्सिलीवर कॅसेट.

“अगं बाई! लागलं का?”

“हात लावू नकोस! चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाईनं मला हात लावू नये!”

“कसल्या चिठ्ठ्या?”

“पेन्सिल कशाला मग?”

“कॅसेट गुंडाळायला, गाढवा!”

मोम्चिलोनं मला उठवलं, आत नेलं. टेबलावर चिकटपट्टी, स्पिरिटची बाटली, कापूस, आणि फितीचे सतरा तुकडे. प्रत्येकावर चिमटा. शेजारी कॅसेटचं रिकामं कवच. त्यावर माझ्याच अक्षरात, माझ्याच शुद्धलेखनात, लिहिलेलं: ‘तिसरा फलाट. कुणी हात लावू नये.’

“हे कुठं मिळालं?” मी विचारलं.

“तुझ्या खिळ्यांच्या डब्यात. खोपट कुणाचं?” रुझित्सा म्हणाली.

“माझं.”

“कुलपाची किल्ली कुणाकडं?”

“माझ्याकडं.”

“मग दोन वर्षांपूर्वी नेवेनाच्या म्हणून फोडल्या, त्या कुणी?”

मी बसलो. स्टूल मोम्चिलोनं वेळेवर सरकवलं म्हणून, नाहीतर जमिनीवरच बसणार होतो. माझी आई दोन उन्हाळे, दोन हिवाळे वेलीवर, भर वाऱ्यात! जिनं आयुष्यभर वारा लागू दिला नाही तिला मी...

“तुला सांगितलं असतं तर तू जेवण सोडलं असतंस,” रुझित्सा म्हणाली. “म्हटलं, आधी बघू काही उरलंय का. कुठला तुकडा कुठल्यामागं, ते मी गाऊन गाऊन लावलं.”

“आणि तूसुद्धा?” मी मोम्चिलोला विचारलं.

“माझंही ते एकच गाणं आहे रे,” तो म्हणाला.

मी काडेपेटी काढून अठरावा तुकडा टेबलावर ठेवला. मोम्चिलोनं त्यालाही एक चिमटा लावला, ही त्याची माणुसकी.

तासाभरानं मोम्चिलोनं बटण दाबलं. खरखर. मग लांबून, विहिरीतून यावं तसं, “तिसऱ्या... ट्ट... ल्याला...” पुन्हा खरखर. उन्हानं गाणं खाऊन टाकलं होतं. मोम्चिलोनं मान खाली घातली. आणि तेवढ्यात, खोलीतच कुणी उभं असावं इतक्या स्वच्छ आवाजात, आई ओरडली, “झार्को, गाढवा, खिडकी लाव! वारा आरपार जातोय!”

मग पुन्हा खरखर, शेवटपर्यंत.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरच्यांमुळं. त्या ढोबळ्या होत्या, तिखट नव्हत्या, असं मोम्चिलो म्हणाला. त्याला म्हटलं, तू तुझे बूट बघ.

मोम्चिलोनं आईचं ते एक वाक्य रुझित्साच्या मोबाईलमध्ये भरून दिलं. आता मी तिला फोन केला की तीच घंटी वाजते. बेकरीच्या रांगेत उभी असली की सगळी रांग वळून बघते आणि म्हणते, “रुझित्सा, घे, झार्कोचा फोन आलाय.” भोरड्यांनी दुसरी ओळ साफ केली. ती फीत असताना त्या का बिचकत होत्या, ते आता कळलं.

घरात फोन सापडत नसला की रुझित्सा मला म्हणते, “झार्को, जरा घंटी दे.” मी देतो. आईचा आवाज येतो तो सोफ्याच्या फटीतून, ती फोन काढून घेते, आणि मी तोवर खिडकी लावून आलेला असतो.