वीस बारीक माणसं

प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ इतका किरकोळ होता की सगळे त्याला काडी म्हणत. या काडीच्या नोकरीचं घोडं गेली सात वर्षं 'हंगामी'पाशी अडलं होतं. कायम व्हायला मोठ्या सरांची एक सही हवी होती, आणि मोठे सर म्हणाले होते, "संशोधन शनिवारपर्यंत पुरं कर. सोमवारी सही घे."

संशोधन साधं होतं. वीस जाडे, वीस बारीक. प्रत्येकाचं रक्त काढायचं आणि त्यात चरबीची खूण किती आहे ते यंत्रावर मोजायचं. मोठे सर स्वतः दारातून तिरके होऊन आत येणाऱ्यांपैकी. जाड्यांच्या रक्तात खूण जास्त निघणार, असं त्यांनी जड मनाने आधीच ठरवलं होतं. निबंधही लिहून तयार होता. फक्त आकडे भरायचे राहिले होते.

जाडे दोन दिवसांत वीस काय, बत्तीस आले. बारीक माणसं मात्र औषधाला सापडेनात. चांगला धडधाकट माणूस कशाला उगाच सुई टोचून घेईल? एक आला, त्याने सुई पाहिली आणि "गाडी नीट लावून येतो" म्हणून जो गेला तो गेलाच.

गुरुवारी काडीने दाराला कडी लावली आणि स्वतःचीच बाही वर केली. बारीकच माणूस हवा ना? मग आपण काय वाईट! कधी डावा हात, कधी उजवा, असं करत शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्याने वीस नळ्या भरल्या आणि 'बारीक एक'पासून 'बारीक वीस'पर्यंत चिठ्ठ्या डकवल्या. अशक्तपणा नको म्हणून दर नळीमागे समोरच्या बेकरीतली एक क्रीमची पेस्ट्री. खाल्लेलं त्याच्या अंगी लागतच नसे, आणि या गोष्टीचा त्याला भारी गर्व होता.

शनिवारी यंत्राने आकडे दिले. बारकांच्या रक्तात चरबीची खूण जाड्यांच्या दुप्पट! वीसही जणांची जवळजवळ सारखी! काडीने घाईघाईने बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. सर मात्र आकडे बघता बघता असे फुलले, जणू जन्मभराच्या खटल्यातून निर्दोष सुटले.

"बघितलंस? आम्ही नुसते दिसायला जाड. खरे जाडे हे सुकडे! आतून!"

"सर, एकदा परत तपासू या का? वीस जणांचं इतकं सारखं म्हणजे..."

"अरे, सगळे एकाच माळेचे मणी! परत कशाला?"

सरांनी निबंधाचं शीर्षक तेवढं उलटं केलं, पेपरवाल्यांना फोन लावला आणि सोमवारी खरोखरच सही केली. काडी कायम झाला. त्या रात्री तो जेवणाबरोबर बोटभर लोणी लावलेला पाव खाऊन शांत झोपला. ते लोणी शेवटचं.

मंगळवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेताच त्याचं तोंड वाकडं झालं. "साखर विसरलीस?"

"विसरले नाही, बंद केली," बायकोने पेपर त्याच्यासमोर आपटला. 'बारकांनो, सावध!' असं ठळक छापलं होतं. "वीसच्या वीस बारीक आतून बरबटलेले. तुम्ही तर त्यांच्याहून किडकिडीत!"

"अगं, हे माझ्याच प्रयोगशाळेतलं आहे."

"मग पेपरात यायच्या आधी घरी कळायला नको?"

डब्यात उकडलेला कोबी निघाला. दुपारी तो गुपचूप बेकरीत गेला, तर बेकरीवाला हात जोडून म्हणाला, "वहिनी सांगून गेल्यात. पाव देतो, तोही कालचा." प्रयोगशाळेच्या दारात बारीक माणसांची ही लांबलचक रांग! हवे होते तेव्हा मेले फिरकले नाहीत. आता मात्र बाह्या वर करून उभे! त्यांच्या रक्तात खूण नावालाही निघेना. सरांनी आकड्यांवर नजर टाकली आणि म्हणाले, "यंत्र बिघडलंय. शनिवारी कसं छान चालत होतं!"

नऊ दिवस कोबी झाला. दहाव्या दिवशी काडीचा धीर सुटला. ही गोष्ट बाहेर फुटली तर कायम नोकरी जाणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण कोबीही कायमच होऊ पाहत होता. त्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"ऐक. ते वीस जण नव्हतेच. सगळ्या नळ्यांत माझं रक्त होतं. कुणाला सांगू नकोस, पण आता ते लोणी दे."

बायकोचा हात थांबला. "वीसही नळ्या तुमच्याच?"

"माझ्याच."

"दुसऱ्या कुणाचा थेंबही नाही?"

"तुझी शपथ."

"म्हणजे ते रांगेतले सगळे बारीक ठणठणीत?"

"अगदी खणखणीत!" काडीने आशेने ताट पुढे सरकवलं.

"तरीच! मी म्हणतच होते, वीसच्या वीस माणसं एकदम कशी बिघडतील? म्हणजे बिघडलेले तुम्ही एकटेच. तेही वीस वेळा तपासून!" तिने डोक्याला हात लावला. "अंगी लागत नाही म्हणे! लागलंय, सगळं रक्तात लागलंय."

लोण्याचा डबा तिने फ्रीजमधून काढला, शेजारणीकडे नेऊन दिला, आणि परत येऊन त्याच्या ताटात कोबीचा आणखी एक डाव वाढला.

"नोकरीची काळजी करू नका," ती म्हणाली. "मी कुणाला बोलायची नाही."