पाइपलाइनमधली कडी

"आज आई जायच्या आधी तिचे नीट आभार मान," बायकोने पायात चप्पल सरकवता सरकवता बजावलं. "आणि माणसासारखे. ऑफिसच्या भाषेत नाही."

"म्हणजे फीडबॅक थोडा पर्सनलाइज करून..."

"हे! हेच नको!" ती कुजबुजतच ओरडली. बाळ झोपलं होतं आणि बाळ झोपलं की त्या घरात कुजबुजीचा कायदा लागू व्हायचा. कुकरलासुद्धा शिट्टी द्यायची परवानगी नव्हती.

बाळंतपणाची रजा संपवून बायको आज पहिल्यांदा ऑफिसला निघाली होती. इथून पुढे रजा नवऱ्याची. सासूबाई दुपारच्या गाडीने आपल्या घरी परत जाणार होत्या आणि त्यांना स्टेशनवर सोडायला टॅक्सी येणार होती. तोवर आभार मानायचे, एवढं एकच काम जावयाकडे होतं. पण गडी मनातून पार हादरला होता. माणूस कृतघ्न मुळीच नव्हता. सासूबाईंबद्दल त्याच्या मनात इतकं साठलं होतं की विचारू नका. अडचण तोंडाची होती. ऑफिसात टीम लीडर झाल्यापासून त्याच्या तोंडून सरळ वाक्य बाहेर पडणंच बंद झालं होतं. डाळ आळणी झाली तर तो म्हणे, "मिठाच्या बाबतीत इम्प्रूव्हमेंटला स्कोप आहे." बाळाने अंगावर दूध काढलं तर म्हणे, "ही रिस्क आपण आधीच फ्लॅग केली होती."

बाथरूमची कडी ढिली झालीय, हे सासूबाईंनी त्याला कितीदा सांगितलं असेल याला गणती नाही. "जावईबापू, एक दिवस कुणीतरी आत अडकेल."

"नोंद घेतलीय, आई. पाइपलाइनमध्ये आहे."

बिचाऱ्या सासूबाई बरेच दिवस बाथरूमचा नळच तपासत होत्या.

तर अशा ह्या जावयाने ठरवलं की आरशासमोर उभं राहून आधी सराव करावा. तो बाथरूममध्ये गेला, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून कडी घट्ट लावली आणि आरशातल्या स्वतःला म्हणाला, "आई, गेल्या क्वार्टरमधलं तुमचं योगदान..." छे! "आई, तुम्ही जी व्हॅल्यू ॲड केलीत..." अरे देवा! शेवटी वैतागून बाहेर यायला त्याने कडी ओढली, तर कडीची मूठ निखळून हातात आली. कडी आपली जागच्या जागी.

त्याने दार ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. लाथ घालावी तर बाळ उठेल. मग दाराला तोंड लावून त्याने हळूच हाक मारली, "आई... एक छोटासा ब्लॉकर आलाय."

"कोण आलंय?" सासूबाई दाराशी येऊन कुजबुजल्या.

"कोणी नाही. दार उघडत नाहीये. कडी तुटली."

'मी सांगितलं होतं' हे वाक्य सासूबाईंनी गिळलं, आणि अशा वेळी ते गिळायला मोठं मन लागतं. "सुताराला फोन करा," एवढंच त्या म्हणाल्या.

फोन खिशात होता, हे नशीब. सुताराने लगेच उचलला. "बोला साहेब."

"अरे, ती बाथरूमची कडी. अर्जंट आहे. आत्ताच्या आत्ता ये."

"पण ते काम तुम्हीच होल्डवर टाकलं होतं ना साहेब? मी मागे आलो तर म्हणालात, प्रायोरिटी नाही, पुढे सर्कल बॅक करू. मी तुमच्याच बिल्डिंगमध्ये आहे, खालच्या मजल्यावर. हातातलं दार बसवतो आणि मग तुम्हाला लूपमध्ये घेतो."

"अरे, मी आत अडकलोय!"

"नोंद घेतली साहेब," सुतार म्हणाला आणि फोन बंद झाला.

जावई पालथ्या बादलीवर मटकन बसला. आपलीच भाषा दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की कशी लागते, ते त्याला आज कळलं. टॅक्सी आता कुठल्याही क्षणी येणार. आपण इथे आत, सासूबाई बाहेर, आणि आभार तसेच राहणार. छे, ते काही नाही! तो उठला आणि दाराला कपाळ टेकवून उभा राहिला.

"आई, तिथेच आहात ना?"

"आहे."

"मला काहीतरी बोलायचंय. फक्त मध्ये बोलू नका. मध्ये बोललात तर मला जमणार नाही."

बाहेर शांतता पसरली. त्याने डोळे मिटले, दोन-तीनदा घसा खाकरला, आणि कुणास ठाऊक कसं, समोर माणूस दिसत नव्हता म्हणूनच असेल, पण सरळ सरळ शब्द आले.

"आई, तुम्ही आलात त्या दिवशी आम्ही दोघं रडत होतो. घरात शांत एकटं बाळच होतं. तुम्ही काही विचारलं नाहीत. पदर खोचलात आणि आधी आम्हाला जेवायला वाढलंत. मला बाळाला हातात धरायची भीती वाटायची. तुम्ही ते माझ्या खांद्यावर ठेवलंत आणि सरळ आंघोळीला निघून गेलात. मी पडलो असतो, पाडलं असतं, काहीही झालं असतं. पण तुम्ही माझ्यावर सोडून गेलात. आई, मी बाप झालो तो त्या दिवशी. माझी आई मी लहान असतानाच गेली. घरात कुणी आपली वाट बघत असलं की कसं वाटतं, ते मी विसरलो होतो."

त्याचा आवाज ओला झाला. बाहेर कुणीतरी नाक ओढलं.

"आई?"

"मी आहे साहेब," सुतार म्हणाला. "तुमचं होऊ द्या सावकाश. मी थांबतो."

"तू? आणि आई?"

"त्या खाली आहेत. टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला, बाळ उठेल म्हणून धावल्या. वाटेत माझा कान धरून म्हणाल्या, आमचा जावई अडकलाय, हातातलं टाक आणि जा. मग काय, आलो."

सुताराने दाराच्या फटीत पटाशी सरकवून कडी अलगद मागे ढकलली. दार उघडलं तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते. तेवढ्यात सासूबाई जिना चढून धापा टाकत आल्या. "सुटलात? बरं झालं. टॅक्सी थांबलीय, मी निघते. काहीतरी बोलायचं होतं ना तुम्हाला?"

जावयाने तोंड उघडलं. समोर साक्षात सासूबाई. मघाचे सगळे शब्द पळून गेले आणि त्याच्या तोंडून निघालं, "आई... तुमच्या सपोर्टशिवाय हे डिलिव्हर झालंच नसतं."

सुताराने कपाळावर हात मारून घेतला. "अहो मावशी, आत किती छान बोलत होते! मला रडू आलं."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "असेल. पण ते जावईबापू दाराला म्हणाले. हे मला म्हणाले." आणि त्या पिशवी उचलून जिना उतरू लागल्या.

जावई दारातच थिजला. खाली टॅक्सीचं दार उघडल्याचा आवाज आला आणि त्याला राहवलं नाही. तो जिन्याच्या कठड्यावरून वाकला आणि सगळं बळ एकवटून ओरडला, "आई! फार केलंत हो आमच्यासाठी! कधी विसरणार नाही!"

सगळा जिना दणाणला. दोन मजल्यांवरची दारं उघडली. आणि घरातून बाळाने असा काही टाहो फोडला की सुताराच्या हातातली पटाशी गळून पडली.

जावई धावला. बाळाला घेतलं, झुलवलं, येरझाऱ्या घातल्या. बाळ काही ऐकेना. सुताराने हत्यारांच्या पेटीवर ठोकून ताल धरून पाहिला, त्याने ते आणखीच चेकाळलं. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला आणि मग टॅक्सी निघून गेल्याचा आवाज आला. जावई हळहळला. निदान निरोप तरी नीट द्यायला हवा होता.

जिन्यावर पावलं वाजली. सासूबाई दारात उभ्या होत्या, पिशवीसकट. पिशवी खाली टेकवून त्यांनी हात पुढे केले.

"आण इकडे."

बाळ आजीच्या खांद्यावर गेलं, एकदा हुंदकलं आणि गप्प झालं. सुतार चवड्यांवर चालत बाथरूमकडे गेला. घरात पुन्हा कुजबुजीचा कायदा लागू झाला.

"आई, तुमची गाडी..." जावई पुटपुटला.

"जाईन उद्याच्या," बाळाला थोपटत सासूबाई म्हणाल्या. अहो-जाहो कुठेतरी जिन्यातच राहिलं होतं. "आता जवळ ये, आणि हळू बोल. काय म्हणत होतास?"