चारही बाजूंनी शिवलेली पिशवी

माणिकराव मास्तरांना सगळं येत होतं. फक्त करून बघायची वेळ अजून आली नव्हती.

देवळीच्या एका शाळेत ते हंगामी मास्तर होते. सत्तावन्न साली तिथं शिवणकामाच्या शिक्षकाची कायम जागा निघाली. तिच्यावर डोळा ठेवून त्यांनी भर सभेत जाहीर केलं, की बालवाडीच्या छपरासाठी जी सोडत निघणार आहे, तिचं पहिलं बक्षीस म्हणून आपण गोधडीसारखी जाड पिशवी शिवून देऊ. "स्वतःच्या हातानं. दुसऱ्याचा एक टाका लागू देणार नाही." संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकराव म्हणाले, पुरुषानं सुई हातात धरणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि पिशवी जमली तर जागा तुमचीच.

पहिल्या दिवशी माणिकरावांनी कापड कापलं. खालची सतरंजीही कापली. दुसऱ्या दिवशी चार थर मांडीवर घेऊन तासभर टाके घातले आणि उठायला गेले, तर पिशवीही उठली. ती धोतराला शिवली गेली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळं गाठोडं आत्याच्या पुढ्यात ठेवलं.

सीताआत्यानं चाळीस वर्षांत उभ्या आळीला गोधड्या शिवून दिल्या होत्या. नजर अधू झाली होती, पण बोटं आपली आपण चालायची. पिशवी मात्र तिनं जन्मात शिवली नव्हती.

"केवढी पाह्यजे?"

"हातात धरता येईल एवढी. आत सामान मावलं पाहिजे. आणि आत्या, कोणाला सांगू नको."

"काऊन? चोरी करून राह्यलो का आपण?"

माणिकरावांनी सुईत दोरा ओवून दिला आणि ते फिरायला गेले.

चार दिवसांत पिशवी तयार झाली. लाल लुगड्याचे तुकडे, आखल्यासारखे धावदोरे, वर दोन दणकट बंद. थोडी जड लागली. पण चांगलं काम जडच असतं, असं म्हणून माणिकरावांनी ती शाळेच्या काचेच्या कपाटात टांगली. लोक काचेला नाक लावून बघायचे आणि तिकीट घेऊन जायचे. "तुम्हीच शिवली?" असं कोणी विचारलं, की मास्तर नम्रपणे आपल्या बोटांकडे बघायचे.

इकडे घरी आत्याचा पितळी अडकित्ता हरवला. तिनं फडताळ उपसलं, गव्हाची कोठी पालथी केली, आणि शेवटी शेजारच्या वच्छलाबाईंनीच तो नेला असं ठरवून टाकलं, कारण शेवटची सुपारी त्यांनी कातरली होती. वीस वर्षं भिंतीवरून वाटीभर भाजी इकडची तिकडं जायची, ती बंद झाली.

सोडतीला सगळा गाव लोटला. पुंडलिकरावांनी चिठ्ठी काढली आणि नाव वाचलं, वच्छलाबाई. त्या लाजत मंचावर आल्या, पिशवी घेतली आणि खोल किती आहे बघायला आत हात घालू लागल्या. हात जाईना. त्यांनी पिशवी उलटी करून पाहिली, मग आडवी.

"मास्तर, हिचं तोंड कुठी हाये?"

माणिकरावांनी चारही बाजू तपासल्या. चारही सारख्याच सुरेख शिवलेल्या होत्या. मोकळी कड दिसली की शिवून टाकायची, एवढंच आत्याच्या बोटांना ठाऊक होतं.

"ते… जिंकणाऱ्यानं उघडायचं असतं," ते म्हणाले.

"वा, म्हणजे उद्घाटनच की!" पुंडलिकरावांनी कात्री मागवली. टाळ्यांच्या गजरात एक बाजू उसवली गेली. वच्छलाबाईंनी आत हात घातला आणि अडकित्ता बाहेर काढला.

तिसऱ्या रांगेतून आत्या उभी राहिली. "पाहा! म्या म्हनलं होतं नाई का? हिच्याच पिशवीत निंघन!"

टाळ्या थांबल्या. एका हातात पिशवी, एका हातात अडकित्ता, अशा वच्छलाबाई दोन-अडीचशे माणसांपुढे उभ्या होत्या. स्वतःचं तिकीट काढून मुद्देमालासकट सापडलेल्या त्या पहिल्याच असाव्यात. माणिकरावांनी आपल्यासाठी आणून ठेवलेल्या टेबलावरच्या हाराकडे बघितलं. गप्प राहिलं तर कायम जागा त्यांची होती. आणि ते गप्प राहिलेही. किती वेळ, ते त्यांनी नंतर कोणालाच सांगितलं नाही. पण पुढं कितीतरी वर्षं ती घडी आठवली, की त्यांचा घास हातातच राहायचा.

"मास्तर," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "तुमीच शिवली ना ही? मंग तुमीच सांगा."

"मी नाही शिवली. आत्यानं शिवली."

आवाज इतका बारीक निघाला, की पुंडलिकरावांनी पुन्हा बोलायला सांगितलं. दुसऱ्यांदा मात्र तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

आत्या मटकन खाली बसली, मग उठून थेट मंचावर आली. "हो वो बाई. सामान मावते का ते पाह्याले म्याच आत टाकला होता. तशीच शिवून बसली." तिनं वच्छलाबाईंचा हात धरला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडायला वाकली, त्यांनी तिला वरच्या वर उचललं. मग भाच्याचं उतरलेलं तोंड तिला दिसलं. ती लोकांकडं वळली.

"पन माह्या पोराले काहीच येत नाई, असं नका समजू. सुईत दोरा त्यानंच ओवला होता."

सोमवारपासून शाळेत शिवणकाम सीताआत्या शिकवू लागली. माणिकराव हंगामीच राहिले, पण त्यांना काढलं नाही. वर्गात चाळीस पोरं असतात, आणि चाळीस सुयांत दोरा ओवायला कोणीतरी लागतंच.