टिपणीसकाकांचा पँटेलीमॉन

आमच्या शेजारचे टिपणीसकाका लिंबू कापायच्या आधी लिंबाला सांगतात, "आता थोडंसं टोचेल हं." जन्मभर इथे इंग्लंडमधल्या सरकारी, फुकट हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल देण्याचं काम केलं, त्यातून लागलेली ही सवय. रिटायर झाले तरी गेली नाही. बटाट्याला सांगतात, गुलाबाच्या कुंडीला सांगतात. एकदा आमच्या कारच्या टायरमधला खिळा काढताना टायरलाही सांगितलं.

शैलाकाकू या प्रकाराला विटल्या होत्या. श्रॉपशर परगण्यातल्या एका रिट्रीट हाऊसमध्ये, म्हणजे प्रार्थना-चिंतनासाठीच्या निवासात, आठवडाभर राहून मी आयकॉन रंगवायला शिकणार होते. आयकॉन म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या देवघरातली संतांची चित्रं. हे कळताच काकूंनी काकांचंही बुकिंग करून टाकलं. "ने गं बाई ह्यांना. माझी झाडं तरी शांतपणे वाढतील."

"मला शाळेत साधं मडकं काढता आलं नव्हतं," काका मोटरवेभर कुरकुरत होते.

आमची शिक्षिका हेलेन सत्तरीची, हसरी, एप्रनभर रंग सांडलेली. तिनं नमुन्याची चित्रं टेबलावर मांडली. बहुतेकांनी मेरी उचलली. काकांनी एक कुरळ्या केसांचा तरुण निवडला. त्याच्या हातात औषधांची पेटी आणि चमचा होता.

"सेंट पँटेलीमॉन," हेलेन म्हणाली. "डॉक्टर होता. सगळ्यांना फुकट औषध द्यायचा."

"म्हणजे आपल्याच सिस्टिममधला!" काका खूश झाले. मग जरा संशयानं त्यांनी विचारलं, "सर्जन नव्हता ना?"

आयकॉनचे रंग अंड्याच्या बलकात कालवतात. त्यासाठी अख्खा बलक चिमटीत अलगद धरून टोचायचा. काका त्या बलकाला काय म्हणाले ते सांगायला नको. दोन दिवसांत यॉर्कशरचे एक दाढीवाले रिटायर्ड व्हिकर, म्हणजे चर्चचे पाद्री, तेही अंड्याला मराठीतून धीर देऊ लागले.

मग संताच्या डोक्यामागचं सोनेरी तेजोवलय आलं. तिथे लाल मातीचा थर असतो. त्यावर तोंडानं गरम वाफ सोडायची, म्हणजे सोन्याचा वर्ख चिकटतो. श्वास हा तर काकांचा प्रांत. ते उभेच राहिले. "नॉट फ्रॉम द लिप्स! पोटातून! डीप! आता सावकाश सोडा." अख्खा वर्ग हा-हा करत वाफा सोडू लागला. हेलेन तोंडात बोट घालून बघत राहिली. आणि नेमकी तेव्हाच काकांना शिंक आली. वर्ख उडाला तो थेट व्हिकरच्या दाढीवर.

"आता ह्यांनाच भिंतीवर टांगा," काका म्हणाले. हेलेन हसून हसून स्टुलावर बसली.

आयकॉनमधला चेहरा आधी गडद, मातकट रंगवतात. मग एकावर एक थर देत उजळत नेतात. काकांना ते फार आवडलं. मला बोलावून दाखवायचे, "बघ, बघ, शुद्धीवर येतोय."

पण डोळ्यांच्या जागा त्यांनी कोऱ्या सोडल्या होत्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांची चित्रं पुरी होत आली, तरी काका चमचाच रंगवत बसले होते.

"काका, डोळे?"

"करतो गं."

लंचची घंटा झाली, खोली रिकामी झाली. मी सिंकपाशी ब्रश धूत होते. काका मान वर न करता बोलू लागले.

"मृदुला, ऑपरेशनच्या आधी माणसं फार घाबरलेली असायची गं. माझा हात घट्ट धरायची, माझ्याकडे बघत बघत झोपायची. दुसऱ्या दिवशी वॉर्डात भेटायला गेलो की विचारायची, सॉरी, तुम्ही कोण? त्यांची काही चूक नाही. औषधच तसं. पण मला त्यांचे चेहरे आठवतात."

"मग?"

"मग काही नाही. आता ह्यानंही डोळे उघडून मला ओळखलं नाही, तर?"

ते हसले. मलाही हसू आलं, पण अर्धवटच.

त्यांनी बारीक ब्रश घेतला. आधी उजवा डोळा, मग डावा. बुबुळांशेजारी पांढरी रेघ. डावा किंचित तिरळा झाला, पण पँटेलीमॉन अगदी सरळ त्यांच्याकडे बघत होता. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खुर्ची पुढे ओढली.

"हॅलो," ते हळूच म्हणाले. "आय अ‍ॅम वसंत."

मी ब्रश तसेच सिंकमध्ये ठेवले आणि आवाज न करता जेवायला गेले.