दोन्ही हातांनी पुरे

ग्रीसबद्दल मला काहीही विचारा. मी तिथे अजून पाऊल ठेवलेलं नाही, पण त्यानं काही अडत नाही. रिटायर झालेला इंजिनिअर, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरचा हिवाळा आणि यूट्यूब, एवढं जमलं की माणूस घरबसल्या तज्ज्ञ होतो. अथेन्सच्या टेकडीवरचा संगमरवर झिजून गुळगुळीत झालाय, तेव्हा रबरी तळव्यांचेच बूट घाला. वारा सुटला की बेटांवरच्या बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस हाताशी ठेवा. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकू नका. दुपारच्या झोपेच्या वेळी कुणाचं दार वाजवू नका. हे शेवटचं माझ्या बायकोला, शरयूला सांगावं लागलं नाही, ती पुण्याची आहे.

एवढा अभ्यास कशासाठी? तर आमच्या हिमानीच्या लग्नासाठी!

हिमानीनं जमवलेला मुलगा ग्रीक. नाव लेफ्टेरी. जन्म न्यू जर्सीचाच, वडिलांचं हायवेवर डायनर, आणि मुलगा अगदी गुणी. घोडं अडलं होतं ते त्याच्या आजीपाशी. लग्न आजीच्या बेटावर, आजीच्या अंगणात व्हावं असं दोघांचं स्वप्न होतं, आणि आजी खास आम्हाला पारखायला ग्रीसहून आली होती.

"बाबा, याया नो म्हणाली तर इट्स ओव्हर," हिमानीनं गाडीत बजावलं. याया म्हणजे त्यांच्यात आजी. "तिला विचारल्याशिवाय त्या घरात पडदेसुद्धा बदलत नाहीत. सो प्लीज, तुमचं नॉलेज दाखवू नका. जस्ट खा."

"काळजी करू नकोस. खाणं मला येतं," मी म्हणालो.

लेफ्टेरीच्या घरी पोचलो. आजी ठेंगणी, नखशिखान्त काळ्या कपड्यांत, हातात भला मोठा डाव. इंग्रजी अजिबात येत नाही. एवढी माणसं असून वाढायला एकटी उभी, दुसऱ्या कुणाला डावाला हात लावू देईना. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आता आमच्याकडे ताटात टाकायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी पालकाची स्पॅनाकोपिता संपवली, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात संपवला, वांग्याचा मुसाकाही चाटूनपुसून साफ केला. आणि ग्रीक आजीचा हिशेब असा, की रिकामं ताट म्हणजे पाहुणा उपाशी. लगेच नवा मुसाका. तो संपवला, की पुन्हा.

पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. ग्रीसमध्ये 'नको' म्हणायचं तर भुवया उंचावून मान वर उडवायची असते. मी उडवली. आजीला ते कळलंसुद्धा, कारण डाव थांबला. पण वर गेलेली मान खाली येताना आपसूक बाजूला झुलते, त्याला मी काय करणार? जन्माची सवय. आणि बाजूला कललेली मान म्हणजे तिकडे 'हो'. मुसाक्याचा आणखी एक चौकोन ताटात पडला.

"अहो, अधाशासारखं काय खाताय?" शरयू कुजबुजली.

"मी नको म्हणतोय."

"मान डोलावून हो म्हणताय. दिसतंय मला."

श्वास घेणंही कठीण झालं होतं. तेवढ्यात आजी पातेल्याच्या तळाचा सगळ्यात मोठा तुकडा डावात घेऊन थेट माझ्याकडे निघाली. त्या क्षणी माझा सगळा अभ्यास वाहून गेला आणि माझ्यातला पंगतीत वाढलेला नरेंद्र जागा झाला. वाढपी ऐकत नाही म्हटल्यावर आपण जे करतो तेच मी केलं. दोन्ही हात पुढे, तळवे समोर, दहाही बोटं फाकलेली, आणि तेही आजीच्या नाकासमोर. "पुरे! पुरे!"

लेफ्टेरीच्या वडिलांना ठसका लागला. हिमानीनं डोळे मिटून घेतले.

आजीनं डाव शांतपणे खाली ठेवला. ताठ उभी राहिली. आणि दोन्ही हात उचलून, पंजे पसरून तिनं माझ्या तोंडासमोर धरले आणि ग्रीकमध्ये खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाली.

हे काय चाललंय ते कळेना, पण शुभ नाही एवढं कळत होतं.

शरयूला मात्र स्पष्टच कळलं होतं. ती खुर्ची सरकवून उठली, इरकलीचा पदर डोक्यावर घेतला आणि माझं बखोटं धरलं. "अहो, बसलात काय? आजी दोन्ही हातांनी आशीर्वाद देतायत. लेफ्टेरी, फोटो काढ!"

होणारा जावईच तो. बिचाऱ्यानं निमूटपणे काढला. आम्ही दोघं त्या पंज्यांखाली वाकलो, मग शरयूनं आजीच्या पायांवर डोकं ठेवलं.

आजीनं पायाशी वाकलेल्या बाईकडे पाहिलं. मग स्वतःच्या पंज्यांकडे पाहिलं. आणि अशी हसत सुटली की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. शरयूला उठवून तिनं दोन्ही गालांचे मुके घेतले आणि तिच्या अंगावर हलकेच तीनदा 'फ्तू, फ्तू, फ्तू' केलं.

"अगं बाई, दृष्टसुद्धा काढतात यांच्यात!" शरयूचे डोळे भरून आले.

आजी तिला हाताला धरून सोफ्याकडे घेऊन गेली आणि फोनवर आपल्या अंगणाचे फोटो दाखवायला लागली. कुठे मांडव, कुठे टेबलं, सगळं हातवाऱ्यांनी. लग्न ठरलं! मला इतका आनंद झाला की मी उरलेला मुसाकाही खाल्ला.

लेफ्टेरीनं मला मागच्या डेकवर नेलं. "अंकल, असा हात दाखवणं म्हणजे आमच्याकडे सगळ्यात वाईट शिवी. तुमच्या तोंडाला राख फासतो, असं."

"आणि दोन हात?"

"डबल."

"म्हणजे आजींनी आम्हाला..."

"डबल," तो म्हणाला. "प्लीज, आंटींना नको सांगू या. शी इज सो हॅपी."

मलाही ते पटलं. एवढ्या सुखात असलेल्या बायकोला असलं काही सांगायला माझी जीभ रेटेना. मी गप्प राहिलो, महिनाभर राहिलो.

काल शरयूनं मला डोळे मिटायला लावून हातात लग्नपत्रिका ठेवली. वर आजींचा तो फोटो, पंजे अगदी समोर, एकेक बोट स्वच्छ. खाली सोनेरी ग्रीक अक्षरांत, शरयूनं मोबाइलवर भाषांतर करून घेतलेली ओळ: 'आजींकडून आपणा सर्वांना हेच'.

"बेटावर घरोघरी पाठवून झाल्या. सरप्राइज!" ती म्हणाली. "कसा आलाय फोटो?"

"छान आलाय," मी म्हणालो.